मिरची आधी गेली



एप्रिल लागला की जयसिंगपुरात कुठल्याही गल्लीतून जा, ठसका लागतोच. डंकापुढे डबे ओळीनं लागलेले असतात, तोंडाला पदर बांधून बायका नंबर धरून बसलेल्या असतात. कोल्हापूर-सांगलीकडं आपण जिला चटणी म्हणतो, ती पुण्या-मुंबईच्या चटणीहून वेगळी. कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धने आणि भाजलेला गरम मसाला घालून कांडलेलं वर्षाचं तिखट. आमचा बचत गट ही चटणी करून विकतो. कांदा-लसूण आसपासच्या गावांतून मिळतो. मिरची मात्र बाहेरून आणावी लागते. संकेश्वरी आणायला गडहिंग्लजच्या बाजारात जायचं, रंगासाठी ब्याडगी कर्नाटकातून मागवायची. गटातली एक म्हणते, "मिरचीच तेवढी विकत आणायची, मीठ तर आपल्या रानात फुकटच उगवतंय." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्ही सगळ्या हसलो होतो. आज त्या मिठाबद्दलच बोलायचं आहे.

मागं एका वर्षी आम्ही ठरवलं की मिरची आपणच लावू. गटातल्या एकीचं ओढ्याकडेचं दहा गुंठे रान रिकामं होतं. उसाचा उतारा घटत चालला म्हणून तिच्या घरच्यांनी ते सोडून दिलं होतं. माती तपासून घेतली. पत्रिकेवर क्षारांचा आकडा आला १.४. पुस्तकात वाचलं की मिरची १.५ पर्यंत सोसते. आम्हाला वाटलं, काठावर का होईना, पास झालो. गादीवाफे केले, ठिबकच्या नळ्या पसरल्या आणि जानेवारीच्या शेवटी तरू लावला.

पहिला पंधरवडा बरा गेला. नंतर वाढ थांबली. रोपं मेली नाहीत, पण वीत-दीड वीत होऊन तशीच राहिली. पानांच्या कडा करपल्या, फुलं आली ती गळाली. ज्या थोड्या मिरच्या धरल्या, त्यांतल्या बऱ्याच टोकाकडून काळ्या पडून नासल्या. वाफ्याच्या दोन्ही कडांना पिठूळ पांढरा थर दिसू लागला. मार्चअखेरीस वळवाची एक सर आली. आम्हाला आनंद झाला, धावत जाऊन मोटर बंद केली. तिसऱ्या दिवशी निम्मं रान मान टाकून उभं होतं.

चुकलं कुठं, हे आम्हाला पुढं हळूहळू कळत गेलं. पहिली चूक आकड्याची. प्रयोगशाळेत बहुतेक वेळा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी कालवून क्षार मोजतात. पुस्तकातला आकडा वेगळ्या रीतीचा असतो. माती जेमतेम लोण्यासारखी भिजेल एवढंच पाणी घालायचं, त्यातून निथळ काढायची आणि ती मोजायची. पाणी जास्त घातलं की आमटीसारखंच खारटपण पातळ होतं, म्हणून पत्रिकेवरचा आकडा लहान दिसतो. आपल्या चिकण काळ्या रानात खरा आकडा त्याच्या दुप्पट-तिप्पट निघू शकतो. दुसरी चूक त्या सरीच्या दिवशीची. ठिबकचं पाणी मीठ ढकलत ओलीच्या कडेला नेऊन ठेवतं. हलका पाऊस आला की कडेचं ते मीठ विरघळून परत मुळाशी येतं. अशा वेळी मोटर चालू ठेवायची असते, म्हणजे मीठ खाली किंवा बाहेरच राहतं. आम्ही नेमकी बंद केली. आणि ज्या विहिरीचं पाणी देत होतो ती उसाच्या रानाखालची, म्हणजे पाणीही मचूळच होतं.

पण आम्हाला जास्त टोचलं ते वेगळंच. रान बघायला आलेली शेजारची एक आज्जी म्हणाली, "आगं, हितं मिरची व्हायची की! आमच्या सासूच्या वेळेला ह्याच पट्टीत लाल चादर हातरल्यागत दिसायचं." मग ती गेली कधी? गटातल्या कुणालाच सांगता येईना. सासवांना, आज्यांना विचारत गेलो, जमेल ते वाचलं, आणि त्यातून हे भाषण तयार झालं.

मिरची आपली वाटते, पण ती मूळची अमेरिकेची. पोर्तुगीज लोकांनी १५१० साली गोवा घेतला आणि त्यांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात ती आपल्या किनाऱ्यावर उतरली. तोवर आपल्याकडचं तिखट म्हणजे मिरी. तिच्यावरूनच मिरची हे नाव पडलं. घाट चढून ती देशावर आली आणि काळ्या रानात अशी रुजली की परकी होती हे लोक विसरून गेले. तंबाखूचंही तसंच. तीही अमेरिकेची आणि मिरचीच्याच कुळातली. वांगं, टोमॅटो, बटाटा ही त्याच घरातली भावंडं.

तंबाखूचं नाव घेतलं की जयसिंगपूर आलंच. हे गाव जुनं नाही. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ साली सुरू झाली होती. त्या रेल्वेच्या कडेला राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली नवी पेठ वसवली आणि वडील जयसिंगराव घाटगे यांचं नाव तिला दिलं. आखून बसवलेलं गाव, म्हणून आपल्या गल्ल्या सरळ आणि पत्ते नंबरांचे. भोवतालच्या रानातला माल इथं यावा, गाडीत चढावा आणि शेतकऱ्याला बाजार मिळावा, हा हेतू. तंबाखूच्या वखारींनी हे गाव नावारूपाला आलं. तंबाखूला तरी मीठ चालतं का, तर नाही. मातीत क्लोराईड जास्त झालं की त्या रानातलं पान नीट जळत नाही, विझत राहतं, म्हणून व्यापारी ते कमी भावानं मागतो. म्हणजे ज्या काळात इथली तंबाखू आणि मिरची नावाजली जात होती, त्या काळात रानाची तब्येत चांगली होती. सरकारी दप्तर न उघडताही एवढं कळतं.

त्या काळची शेती पावसावरची. ज्वारी, भुईमूग, कडधान्यं, तंबाखू. आणि विहिरीवर मोटेचं पाणी पुरेल एवढा मिरची-भाजीचा तुकडा. मोटेनं पाणी किती निघणार? बैल दमले की पाणी थांबलं. त्यामुळं मुळाला पुरेल एवढंच पाणी जायचं, खालच्या थरापर्यंत पोचायचं नाही. मिरचीचा हा तुकडा बहुतेक घरांत बायकांच्या हातचा होता. तरू टाकणं, लावण, खुरपण, तोडा, अंगणात वाळवण, देठ खुडणं, सगळं त्याच करत. आज्या सांगतात की घरापुरती ठेवून उरलेली वाळकी मिरची बाजारादिवशी विकली जायची, आणि तेवढा पैसा तरी बाईच्या कनवटीला राहायचा. उसाचं बिल तसं नाही. ते सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या खात्यावर जमा होतं. आमच्या गटात आम्ही बाराजणी आहोत. जमिनीला नाव लागलेल्या फक्त तिघी. १९९२ साली लक्ष्मीमुक्तीची योजना आली, बायकोचं नाव लावा म्हणून सरकारनं सांगितलं, गावोगाव सभा झाल्या. आमच्या घरांपर्यंत त्यातलं फारसं पोचलं नाही.

पाणी आलं ते टप्प्याटप्प्यानं. राधानगरी धरणाचं काम शाहू महाराजांच्या काळात सुरू झालं आणि स्वातंत्र्यानंतर पुरं झालं. नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले. पावसाळा सरला की बरगे घालायचे आणि नदीचं पाणी अडवायचं. कृष्णेवरचा राजापूरचा बंधारा आपल्याच तालुक्यात आहे. वर कोयना, वारणा, दूधगंगेची धरणं झाली, तसं उन्हाळ्यातही नदीला पाणी राहू लागलं. सहकारी उपसा संस्थांनी ते पाईपातून मैलोन्‌मैल रानात नेलं. १९५० च्या दशकात रत्नाप्पाण्णा कुंभारांनी इचलकरंजीला पंचगंगा साखर कारखाना उभा केला. पुढं शिरोळला सा. रे. पाटलांच्या पुढाकारानं दत्त कारखाना झाला. ज्या माणसांनी कर्ज काढून, हिस्से गोळा करून हे पाणी आणलं, त्यांना नावं ठेवायला आम्ही बसलेलो नाही. आमची शिक्षणं, लग्नं, घरावरचे स्लॅब, सगळं त्याच उसावर झालं.

पण हे पाणी रानात आणताना ते बाहेर कसं काढायचं, याचा विचार फार थोड्यांनी केला. आपली काळी माती काळ्या पाषाणाच्या झिजेतून झालेली आहे. चिकण, पाणी धरून ठेवणारी. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्या पोटात खडकातून आलेले क्षार पहिल्यापासूनच होते, पण ते खोल होते. बारा महिने पाट भरून पाणी दिल्यावर जमिनीखालची पाण्याची पातळी वर वर येत गेली. ती मुळांच्या टप्प्यात आली की दिव्याच्या वातीनं तेल चढावं तसं ते पाणी मातीतून वर चढतं. वर ऊन पाणी उडवून नेतं आणि मीठ मागं ठेवतं. शिरोळ तालुका पावसाच्या आडोशाला आहे. हे मीठ धुऊन काढील एवढा पाऊस गगनबावड्याला पडतो, आपल्याकडं नाही.

हे आधी कुणाला माहीत नव्हतं असं मात्र नाही. नीरा नदीच्या डाव्या कालव्याचं पाणी १८८५ च्या सुमारास बारामतीकडं गेलं. तिथं ऊस वाढला आणि पंचवीस वर्षांच्या आत चांगली रानं खारावली. पुण्याच्या शेती कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनी तपासून १९१० साली त्यावर पुस्तिका काढली. जयसिंगपूर वसायच्याही सात वर्षं आधी! निचरा नसेल तर कालव्याचं पाणी काळ्या रानाचं काय करतं, हे तेव्हाच छापून झालं होतं. पुस्तिका इंग्रजीत होती आणि दप्तरात राहिली. बारामतीहून शिरोळ किती लांब आहे, तरी आपल्या आज्यांच्या रानापर्यंत तो शहाणपणा यायला पाऊण शतकाहून जास्त लागलं.

आता मिरचीच आधी का गेली, ते सांगतो. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की काय होतं? फोडींतलं पाणी सुटतं. खारट मातीत मुळाचं तसंच होतं. माती ओली असते, पण मिठानं पाणी धरून ठेवलेलं असतं. मुळाला ते जोर लावून ओढावं लागतं आणि वाढीची ताकद त्यातच खर्च होते. शिवाय सोडियम आणि क्लोराईड पानात साठून कडा करपवतात. सोडियम जास्त झालं की मुळाला कॅल्शियम पुरेसं मिळत नाही. मिरचीचं टोक काळं पडून नासतं ते त्यामुळं. आम्ही मात्र रोग समजून त्यावर औषध फवारत बसलो होतो. सगळ्यांत नाजूक वेळ म्हणजे बी उगवण्याची आणि रोप लागण्याची. मिरचीचं मूळही वरच्याच थरात राहतं, आणि मीठ तिथंच जास्त असतं.

मास आणि हॉफमन या अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांनी १९७७ साली पिकांची एक यादी प्रसिद्ध केली. कुठलं पीक किती क्षार सोसतं, याची. निथळीतला क्षार १.५ च्या वर गेला की मिरचीच्या कुळातल्या या झाडाचं उत्पन्न दर एका अंशाला सुमारे १४ टक्क्यांनी घटतं. उसाची हद्द १.७, म्हणजे जवळजवळ तीच. पण त्याची घट दर अंशाला ६ टक्क्यांच्या आत. गणित करून बघा. क्षार ५ वर गेला तर मिरची निम्मी होते आणि ऊस पाचव्या हिश्शानं घटतो. साडेआठच्या वर गेला की मिरची शून्यावर येते, पण ऊस अजून निम्म्याहून जास्त मिळतो. हे आकडे प्रामुख्यानं तिकडच्या जातींवरचे, आपल्या जवारी मिरचीचं थोडं इकडंतिकडं असेल. पण घरात काय झालं असेल ते यावरून डोळ्यांपुढं येतं. रान बिघडायला लागलं तेव्हा बायकांची मिरची पहिल्यांदा मेली. तोवर ऊस उभा होता, म्हणून बिघाड कुणाला दिसला नाही. "मिरची येत न्हाई, लाव तिथं पण ऊस," असं म्हणून त्या तुकड्यालाही बारमाही पाणी सुरू झालं. मिरची जाते आहे ही रानानं दिलेली पहिली बातमी होती. ती बायकांच्या हातच्या तुकड्यात आली, म्हणून बहुधा तिला कुणी बातमी मानलं नाही. हे आमचं मत आहे; कुणाला पटणार नाही, त्यांनी आपल्या घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं.

असंच फार पूर्वी इराकच्या दक्षिण भागात झालं, असं जेकबसन आणि ॲडम्स या दोन अभ्यासकांनी १९५८ साली मांडलं. तिथल्या मातीच्या पाट्यांवर धान्याचे हिशेब लिहिलेले आहेत. चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या हिशेबांत गहू कमी कमी होत जातो आणि मीठ जास्त सोसणारी जव वाढत जाते. पुढच्या काही अभ्यासकांनी यावर शंकाही घेतल्या. आपल्याकडं मिरचीचे हिशेब कुणी पाट्यांवर लिहिले नाहीत. आज्या आहेत तोवर विचारून घ्यायचं, एवढंच हातात आहे.

सगळी खराब रानं एकसारखी नसतात, हेही आम्हाला नव्यानं कळलं. वर पांढरी पिठी फुटते ती क्षारयुक्त जमीन. तिला निचरा करून दिला आणि चांगल्या पाण्यानं धुतली की ती सुधारते. दुसरी चोपण. ओली असताना पायाला लोण्यासारखी लागते, वाळली की दगड, वर काळपट तेलकट झाक. तिच्यात सोडियम मातीच्या कणांनाच चिकटलेलं असतं आणि सामू साडेआठच्या वर गेलेला असतो. नुसतं पाणी सोडून ती धुतली तर आणखी घट्ट होते. तिला जिप्सम लागतं. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला कणावरून उठवतं, मग ते पाण्याबरोबर निघून जातं. त्यानंतर ताग किंवा धैंचा गाडायचा. पण पाण्याला जायला वाट नसेल तर जिप्समचे पैसे ओढ्यात घातल्यासारखेच. "महापुरानं मीठ धुऊन जात न्हाई का?" असं २०१९ च्या पुरानंतर आम्हाला बऱ्याच जणींनी विचारलं. वरचं थोडं जातही असेल. पण पाणी दिवसेंदिवस तुंबून राहिलं की खालची पातळी वर येते आणि उन्हाळ्यात मीठ पुन्हा हजर.

वाट करून द्यायची रीत आता आपल्या तालुक्यात लोकांनी डोळ्यांनी बघितली आहे. मीटर-सव्वा मीटर खोल चर काढायचे, त्यांत जाळी गुंडाळलेले सच्छिद्र पाईप उताराला घालायचे, ते सगळे एका मोठ्या पाईपला जोडायचे आणि तो ओढ्यात नाहीतर नदीत सोडायचा. वरून माती झाकली की शेती पहिल्यासारखी. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात यावर काम झालं आहे. शिरोळच्या दत्त कारखान्यानं गणपतराव पाटलांच्या पुढाकारानं गेल्या काही वर्षांत गावागावांत शेतकऱ्यांना एकत्र करून हे काम मोठ्या प्रमाणावर उभं केलं. जिथं बाभळ आणि लव्हाळा होता तिथं पुन्हा पीक उभं राहिलेलं आम्ही जाऊन बघून आलो. एक गोष्ट मात्र मनात राहते. हे खारं पाणी शेवटी कृष्णेतच जातं, आणि नदीच्या खाली कर्नाटकातही आपल्यासारख्याच बायकांची रानं आहेत. पावसाळ्यात नदी भरून वाहत असताना सोडलं तर त्याची धार मोडते, उन्हाळ्यात सोडलं तर नाही. यावर आपल्याकडं फारसं कुणी बोलत नाही.

हे काम एकट्या-दुकट्याचं नाही, खरी अडचण तीच. आमच्या मैत्रिणीच्या दहा गुंठ्यांतला पाईप ओढ्यापर्यंत न्यायचा तर मध्ये दोन खातेदार लागतात. एक तयार आहेत. दुसरे म्हणतात, माझा ऊस चांगला आहे, मी खर्च का करू? आम्ही त्यांना त्यांच्या बांधावरच्या सरीची माती दाखवली, तिच्यावर पिठी आहे. ते म्हणाले, ते खताचं हाय. मैत्रिणीचं नाव सातबाऱ्यावर नसल्यामुळं संमतीच्या कागदावर सही तिच्या दिराची लागणार, आणि दीर पुण्याला. गटातून तिला कर्ज द्यावं का, यावर आमच्यातच दोन तट आहेत. रान सुधारायला दोन-तीन हंगाम जातील. पहिल्यांदा धैंचा, मग गहू किंवा बीट असं सोसणारं पीक, आणि मिरची सगळ्यांच्या शेवटी. तोवर हप्ता कशातून जायचा? ही शंका बरोबर आहे. ती काढणाऱ्या मैत्रिणीवर आमचा राग नाही.

आत्ता आम्ही एवढंच केलं आहे. रानात तीन ठिकाणी दीड मीटर खोल भोकं पाडून त्यांत पाईपाचे तुकडे उभे केलेत. दर सोमवारी दोघीजणी काठी घालून पाणी किती खोल लागतं ते बघतात आणि गटाच्या वहीत तारीख घालून लिहितात. मार्चमध्ये पाणी दोन फुटांवर होतं. शेजारच्या उसाला पाणी दिलं त्या आठवड्यात सव्वा फुटावर आलं. ते पान आम्ही त्या दुसऱ्या खातेदारांच्या घरी नेऊन त्यांच्या मालकिणीला दाखवलं. तिनं वही बराच वेळ हातात धरली, आणि सोमवारी आपल्या रानातही एक भोक पाडून द्याल का, म्हणून विचारलं.